शस्त्रक्रियेनंतरचा अतिदक्षता विभाग नर्सिंगच्या वर्गखोलीत कसा सुरू झाला

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटसाठी अतिदक्षता विभाग जगात पहिल्यांदा कुठल्या रुग्णालयात सुरू झाला? तो सर्जनने सुरू न करता भूलतज्ज्ञाने का केला? आणि व्हेंटिलेटर आले म्हणून आयसीयू आले, असं वर्गात शिकवलं गेलं, ते बरोबर आहे का? पुढच्या महिन्यात त्यांची सर्जिकल आयसीयूत पोस्टिंग आहे, म्हणून काय पाहावं तेही सांगा, असं त्या म्हणतात.

मी भूलतज्ज्ञ आहे. ३१ वर्षं या कामात गेली, त्यातली अर्धी तरी सर्जिकल आयसीयूत. हा इतिहास मला फार जवळचा आहे, म्हणून उत्तर लांबेल.

आधी थोडक्यात सांगतो. कोपनहेगनचं महापालिकेचं रुग्णालय, ज्याला तिथले लोक कोमुनेहॉस्पिटल म्हणत, तिथे डिसेंबर १९५३ मध्ये ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने असा विभाग सुरू केला. त्यासाठी जी खोली मिळाली ती विद्यार्थी परिचारिकांची वर्गखोली होती. तुमच्यासारख्याच मुली जिथे बसून शिकत होत्या, तिथे खाटा लावल्या गेल्या. आणि व्हेंटिलेटरचं म्हणाल, तर क्रम उलटा आहे. आधी माणसांचे हात होते, आजच्यासारखी श्वासाची यंत्रं नंतर पसरली.

‘पहिला’ म्हटलं की वाद होणारच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ मध्येच लिहून ठेवलंय की लहान रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाला लागून एक छोटी खोली असते आणि शस्त्रक्रियेचा तात्काळ परिणाम ओसरेपर्यंत पेशंटला तिथे ठेवतात. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी या मेंदूच्या सर्जनने १९२३ मध्ये तीन खाटांची वेगळी खोली केली आणि तिच्यासाठी नर्सेस खास तयार केल्या. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कवटीच्या आत रक्तस्राव झाला तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. दिसते ती एका डोळ्याची बाहुली हळूहळू मोठी होताना, नाडी मंदावताना, काल नाव सांगणारा माणूस आज नुसता कण्हताना. हे टिपायला कुणीतरी सतत जवळ हवं. जर्मनीत ट्युबिंगेनला किर्शनर यांनी १९३० च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटसाठी स्वतंत्र कक्ष केला होता. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर रिकव्हरी रूम सगळीकडे झाल्या. त्यामागे नर्सेस कमी होत्या, हेही एक साधं कारण होतं: भूल उतरणारे पेशंट दहा वॉर्डांत विखुरण्यापेक्षा एका खोलीत ठेवले तर दोन सिस्टर पुरतात.

या सगळ्यांना मी कमी लेखत नाही. पण रिकव्हरी रूम म्हणजे भूल उतरेपर्यंतचा थांबा. पेशंट शुद्धीवर आला की वॉर्डात, आणि संध्याकाळी खोलीला कुलूप. ज्याचं शरीर अजून स्वतःचं स्वतः चालत नाही, अशा माणसाचा श्वास, रक्तदाब, लघवी, रक्तातलं आम्ल हे सगळं दिवसरात्र, लागतील तेवढे दिवस, दुसऱ्यांनी चालवायचं ही कल्पना कोपनहेगनचीच. ती सुचली मात्र शस्त्रक्रियेमुळे नाही, पोलिओमुळे.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. साथीच्या रोगांचं ब्लेग्डाम रुग्णालय होतं, प्रमुख होते लासेन. जुलै ते डिसेंबर या काळात तिथे २,७०० हून अधिक पोलिओचे पेशंट दाखल झाले, ऐन भरात दिवसाला ५० पर्यंत. त्यातल्या तीनशेहून अधिक जणांचा श्वास किंवा गिळणं लुळं पडलं होतं. आणि रुग्णालयाकडे होतं काय? एक लोखंडी पेटी, जिच्यात पेशंटचं अंग आत आणि डोकं बाहेर राहतं, आणि छातीवर बांधायची सहा कवचं. पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ३१ जणांना ठेवलं. २७ गेले.

ही पेटी छाती फुगवते, पण घशाचं काय? ज्याला गिळता येत नाही त्याची लाळ आणि कफ थेट फुप्फुसात उतरतो. पेटी ओढतेय आणि पेशंट स्वतःच्याच लाळेत बुडतोय, अशी ती अवस्था होती.

लासेन यांच्या हाताखालच्या ब्यॉर्नेबो या डॉक्टरांना इब्सेन आठवले. धनुर्वाताच्या एका बाळावर त्याआधी दोघांनी मिळून उपचार केले होते. इब्सेन तेव्हा ३७ वर्षांचेही नव्हते. बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात बीचर यांच्याकडे भूलशास्त्र शिकून ते नुकते परतले होते. त्या काळी भूलतज्ज्ञ म्हणजे सर्जनच्या मागे उभा राहून भूल देणारा माणूस. त्याला वॉर्डात बोलावून सल्ला विचारायचा, हेच लासेन यांना आधी पटलं नव्हतं. तरी त्यांनी बोलावलं, आणि याबद्दल मला लासेन यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

इब्सेन यांनी केसपेपर पाहिले, शवविच्छेदनं पाहिली. फुप्फुसं तर बऱ्यापैकी चांगली होती! मग माणसं कशाने मरत होती? शेवटच्या तासांत प्रत्येकाला दरदरून घाम यायचा, रक्तदाब चढायचा, मग शुद्ध जायची. रक्ततपासणीत बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाला तोलणारा क्षार, वाढलेलं यायचं. सगळे म्हणत, रक्त अल्कली झालंय, पोलिओचाच काहीतरी गूढ परिणाम. इब्सेन म्हणाले, गूढ काही नाही. आत कार्बन डायऑक्साइड साठतोय. भूल देताना पेशंटचा श्वास कमी पडला की हेच दिसतं: घाम, चढलेला रक्तदाब. या पेशंटना ऑक्सिजन मिळतोय म्हणून ते निळे पडत नाहीत, आणि म्हणून कुणाला शंका येत नाही.

हे वाक्य मी माझ्या प्रत्येक रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, शिकवतो: ऑक्सिजन आत जाणं वेगळं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणं वेगळं.

२७ ऑगस्ट १९५२. पेशंट होती बारा वर्षांची मुलगी, चारी हातपाय लुळे, ताप, घशात कफाची घरघर. जागा बधिर करून गळ्याला छेद घेतला आणि श्वासनलिकेत फुग्याची नळी बसवली. पण नळीला जोडलेली रबरी पिशवी, म्हणजे बॅग, दाबली तर हवा आत जाईना. श्वासनळ्या आवळल्या होत्या आणि मुलगी जिवाच्या आकांताने झगडत होती. पाहायला जमलेले मोठे डॉक्टर आता काही होत नाही असं समजून एकेक करून बाजूला झाले. इब्सेन यांनी तिला पेंटोथाल हे भुलीचं औषध दिलं. झगडा थांबला, तिचा स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि मग बॅग दाबल्यावर छाती वर आली. भूलतज्ज्ञ ऑपरेशन टेबलाशी रोज हेच करतो. थोड्या वेळात घाम थांबला, रक्तदाब उतरला, रंग आला. मग तिला पुन्हा कवचावर ठेवून पाहिलं तर कार्बन डायऑक्साइड परत चढला. बॅगवर घेतलं, परत उतरला. त्या एका खाटेवर पुरावा मिळाला. ती मुलगी जगली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लुळ्या माणसाचा श्वास हाताने चालवणं, श्वासनलिका मोकळी ठेवणं, रक्तदाब मिनिटामिनिटाला सांभाळणं या गोष्टी भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या दोन तासांत करतच होता. इब्सेन यांनी त्या शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर नेल्या आणि दोन तासांच्या जागी आठवडे, महिने केल्या. सर्जनचं मन शस्त्रक्रियेत असतं, आणि असायलाच हवं. पुढचा पेशंट टेबलावर असताना त्याने मागच्याच्या उशाशी बसावं अशी अपेक्षा करता येत नाही.

पण एका मुलीची बॅग एक डॉक्टर दाबेल. एकाच वेळी सत्तर पेशंट असतील तर? ती वेळ खरंच आली. मग वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं. पाळ्या लावल्या. जवळजवळ १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे १,६५,००० तास हाताने बॅग दाबली. खाटेशेजारी स्टूल, हातात रबरी पिशवी, नळीत कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या सोडा लाइमचा डबा. लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवत ते त्यांचा श्वास चालवत होते. यंत्रांच्या भरवशावर असताना दहातले जवळजवळ नऊ जात होते. साथ संपेपर्यंत ते प्रमाण चारात एकाच्या आसपास आलं. पौल आस्ट्रुप यांच्या प्रयोगशाळेत त्याच धावपळीत रक्तातलं आम्ल मोजायच्या पद्धती घडल्या. आज आपण ‘एबीजी पाठव’ म्हणतो ना, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू आणि आम्ल मोजायची तपासणी, त्याची मुळं त्या साथीत आहेत.

बॅग हाताने दाबणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी पहिल्या वर्षाचा रेसिडेंट असतानाची गोष्ट, एका सरकारी रुग्णालयातली. आतड्याला भोक पडलेला, चाळिशीतला एक शेतकरी मध्यरात्री शस्त्रक्रिया होऊन बाहेर आला. पोटभर पू होता, श्वास पुरत नव्हता, नळी काढणं शक्य नव्हतं. चालू असलेले दोन्ही व्हेंटिलेटर दुसऱ्या पेशंटना लागलेले. तिसरा स्टोअरमध्ये होता, पण एका किरकोळ सुट्या भागासाठी महिनोन् महिने बंद पडलेला. त्याचा मला आजही राग आहे. शेवटी पेशंटच्या धाकट्या भावाला खाटेशेजारी बसवलं. त्याला सांगितलं, ‘दादा, तू तुझा श्वास घे आणि तुझ्या श्वासाबरोबर ही पिशवी दाब. घाई करायची नाही, थांबायचं नाही.’ सिस्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन नाडी आणि बीपी लिहीत होत्या. मी दुसऱ्या वॉर्डात धावत होतो.

पहाटे पाचच्या सुमाराला मी परत आलो तर भाऊ म्हणाला, ‘साहेब, मघापासून पिशवी जड लागतीय.’ मॉनिटरवर अजून काही दिसत नव्हतं. मी बॅग हातात घेतली, खरंच घट्ट लागली. सिस्टरनी सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणारी नळी, टाकलं, तर कफाचा वाळलेला हा एवढा मोठा गोळा निघाला. त्यानंतर बॅग पुन्हा मऊ. अर्धा तास उशीर झाला असता तर नळी पूर्ण बंद झाली असती. शाळेची पायरीही न चढलेल्या त्या माणसाच्या तळव्याने यंत्राच्या आधी ओळखलं होतं. पेशंट वाचला. माझ्या डोळ्यांपुढे कोपनहेगनचे ते विद्यार्थी आले ते या रात्रीनंतर.

यातलं एक मात्र स्पष्ट सांगतो. नातेवाइकाच्या हातात बॅग देणं ही सोय नव्हे, ती व्यवस्थेची उणीव आहे. त्या भावाने केलं ते अपार होतं, पण त्याच्यावर ती वेळ यायला नको होती.

तर साथ ओसरल्यावर इब्सेन कोमुनेहॉस्पिटलला गेले. तिथे भूलशास्त्राचा विभाग त्यांच्याकडे आला आणि शस्त्रक्रियेनंतरचे पेशंटही त्यांच्याच डोळ्यांपुढून जात होते. त्यांचा विचार सरळ होता: पोलिओच्या पेशंटसाठी जे जमलं, ते मोठ्या शस्त्रक्रियेनंतर खचलेल्या पेशंटसाठी का नको? पोट उघडलेला म्हातारा वेदनेमुळे खोल श्वास घेत नाही, वेदना कमी करायला दिलेल्या मॉर्फिनमुळे आणखी कमी घेतो, कफ साठतो, तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. रक्त गेलेल्याचा दाब रात्री तीनला उतरतो आणि ते सकाळच्या राऊंडला कळतं. तोवर मूत्रपिंडं गेलेली असतात. या लोकांना रात्री कुणी पाहणारं नव्हतं, एवढंच.

म्हणून वर्गखोलीत निरीक्षण कक्ष झाला. नाव ‘निरीक्षण’, म्हणजे पाहणं. चोवीस तास उघडा, खाटेजवळ सतत नर्स, भूलतज्ज्ञ कायम हाकेच्या अंतरावर. पेशंट तिथे आला की त्याची जबाबदारी त्या कक्षाची. २१ डिसेंबर १९५३ ला पहिला पेशंट आला. तो शस्त्रक्रियेचा नव्हता, गळफासातून खाली उतरवलेला ४३ वर्षांचा माणूस होता. मग शस्त्रक्रियेनंतरचे, विषबाधेचे, छातीला मार लागलेले, शॉकमधले, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेले, सगळे येऊ लागले. १९५८ मध्ये इब्सेन आणि त्यांच्या सहकारी क्विटिंगेन यांनी या कक्षाच्या कामाचा सविस्तर लेख एका नॉर्डिक वैद्यकीय नियतकालिकात छापला, तोवर कक्षाची घडी बसली होती. त्याच वर्षी अमेरिकेत बाल्टिमोरला पीटर साफर यांनी आणि लॉस एंजेलिसला मॅक्स हॅरी वाइल यांनी आपापले कक्ष उभे केले.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. स्वीडनचे एंगस्ट्रॉम यांचा व्हेंटिलेटर युरोपभर पसरला, हृदयाच्या शस्त्रक्रिया वाढल्या, साठच्या दशकात हृदयविकाराचे कक्ष वेगळे झाले आणि शस्त्रक्रियेच्या पेशंटचा स्वतंत्र आयसीयू ही मोठ्या रुग्णालयांत नेहमीची गोष्ट झाली. आपल्याकडे मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया यांनी ही वाट घातली. धनुर्वाताच्या पेशंटना स्नायू सैल करणारी औषधं देऊन कृत्रिम श्वासावर ठेवायचं आणि आठवडेच्या आठवडे जगवत न्यायचं, हे त्यांचं काम जगभर वाचलं गेलं. कोपनहेगनलाही या गोष्टीच्या आधी धनुर्वाताचं एक बाळ होतंच, हे लक्षात घ्या. अतिदक्षता तज्ज्ञांची भारतीय संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली, तीही मुंबईतच.

कोपनहेगनची एक वस्तू तर तुमच्या रोजच्या हातात येणार आहे: अँब्यू बॅग. साथीतल्या रबरी पिशव्यांना सतत सिलिंडरचा वायू लागायचा. हेनिंग रूबेन हे कोपनहेगनचेच भूलतज्ज्ञ. त्यांनी आणि होल्गर हेसे या अभियंत्याने अशी बॅग केली की दाबून सोडली की ती आपोआप फुगते, सिलिंडर नसला तरी हवा देते. पहिल्या नमुन्यात फुगण्यासाठी सायकलच्या चाकाच्या तारा वापरल्या होत्या. १९५६ मध्ये ती बाजारात आली. लोडशेडिंगच्या काळात या बॅगेने आपल्या तालुक्या-तालुक्यांत किती जीव राखले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आता तुमची पोस्टिंग. मॉनिटर समजून घ्यायला तुम्हाला कुणीतरी शिकवेलच, मी हाताने करायच्या तीन गोष्टी सांगतो.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मॉर्फिन किंवा फेंटानिल ही वेदनेची औषधं दिलेला पेशंट शांत झोपलेला दिसतो, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा ९८. सगळे म्हणतात, छान झोपलाय. आणि श्वास मिनिटाला सहा! हे १९५२ चंच चित्र आहे: ऑक्सिजन भरलेला, आत कार्बन डायऑक्साइड साठलेला. कपाळाला हात लावून घाम पाहा, हाक मारून उठवून पाहा, आणि सहा-सात मोजले तर त्याच क्षणी डॉक्टरांना उठवा. रात्री तीन वाजलेत म्हणून संकोच करू नका. ओरडा बसला तर बसू दे.

लघवी तासातासाला मोजा आणि तासालाच लिहा. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या पेशंटला तीस. सलग दोन तास वीस-वीस आलं तर बीपी चांगलं असूनही सांगा. पोटात रक्त साठायला लागलं की मूत्रपिंडाला आधी कळतं, बीपीच्या यंत्राला नंतर. सकाळी पिशवी रिकामी करून ‘एकूण ४००’ लिहिलं तर त्या कागदाचा कुणालाच उपयोग नाही.

आणि तिसरं: तुमच्या इनचार्ज सिस्टरना विनंती करून सरावासाठीच्या नकली फुप्फुसावर अँब्यू बॅग दाबून पाहा. आधी नळी मोकळी ठेवून, मग चिमटीत थोडी दाबून, मग पूर्ण बंद करून. तिन्ही वेळचा तळव्याला लागणारा फरक डोळे मिटून ओळखता येईपर्यंत करा. साधारण वीस मिनिटं लागतात.